आखाजी ते मिरग: खान्देशातून उन्हाळ्याच्या सुट्टीत जहाजाची सफर आणि डोंगरवारी कशी आखावी

भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकला की घराघरांत एकच बोलणं सुरू होतं, "कुठेतरी थंड ठिकाणी जाऊ या." पण तोवर रेल्वेची तिकिटं संपलेली असतात, लग्नाच्या पत्रिका येऊन पडलेल्या असतात आणि कापसाच्या बियाण्याचं बघायची वेळ आलेली असते. हौस असूनही सुट्टी घरच्या कूलरसमोर निघून जाते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांना समुद्रही जमू शकतो आणि डोंगरही. फक्त आखणी मार्चमध्ये व्हायला हवी, आणि ती नेमकी कशी करायची ते इथे सविस्तर सांगतो.

आधी कॅलेंडर, मग ठिकाण

खान्देशात सुट्टीची सुरुवात शाळेच्या निकालाने होत नाही, ती आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेने होते. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या दिवसांत घर सोडून कोणी जात नाही आणि जाऊही नये. म्हणून सगळ्यात आधी आखाजीची तारीख बघा. ती दरवर्षी सरकते: २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. आखाजी लवकर आली तर पुढे मोकळे दिवस भरपूर मिळतात. उशिरा आली तर मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडेच हातात राहतात.

दुसरं टोक मिरगाचं. ७ जूनच्या आसपास मृग नक्षत्र लागतं. बागायती कापसाची लागवड तर त्याच्याही आधी सुरू होते. शेतीवाल्या घराने मेच्या शेवटच्या आठवड्यात परत आलंच पाहिजे असं धरून चाला. नोकरीवाल्यांना शाळा उघडेपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, वेळ असतो. पण जहाजाचा विचार असेल तर त्यांनाही जून चालत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

या दोन तारखांच्या मध्ये घरातली आणि भावकीतली लग्नं मांडा. जे सलग पाच-सहा दिवस उरतील ते प्रवासाचे. आणि घरातल्या बाईला विचारल्याशिवाय ते पक्के करू नका. पापड, कुरडया, बिबडे, शेवया, वर्षाची डाळ-मसाले ही सगळी वाळवणं याच उन्हात उरकायची असतात. गच्चीवर चिकाच्या कुरडया वाळत असताना "उद्या निघायचंय" म्हणणं हा त्या बाईवर अन्याय आहे. वाळवण आखाजीच्या आधी संपवायचं आणि त्यात घरातल्या पुरुषांनी, मुलांनी हात लावायचा, हे ठरलं तरच ही सुट्टी तिचीही होते.

रेल्वेचं आरक्षण: साठ दिवसांचा हिशोब

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. १० मेला निघायचं असेल तर ११ मार्चला सकाळी ८ वाजता बसा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आदल्या आठवड्यातच जोडून ठेवा, त्या सकाळी ओटीपीची वाट बघत बसायला वेळ नसतो.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. भुसावळ, जळगाव, चाळीसगावला लांबच्या कितीतरी गाड्या रात्री बारानंतर येतात. ९ तारखेच्या रात्री जेवून स्टेशनवर जायचं आणि गाडी साडेबाराला असेल, तर तिकीट १० तारखेचं हवं. शिवाय आरक्षणाचे ६० दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजले जातात, म्हणून तुमच्या हिशोबाच्या एक दिवस आधीच आरक्षण उघडू शकतं. तिकीट काढण्यापूर्वी गाडीचं वेळापत्रक उघडून आपल्या स्टेशनची वेळ आणि दिवस दोन्ही बघा.

घरात ६० वर्षांवरचे पुरुष किंवा ४५ वर्षांवरच्या बायका असतील तर खालच्या बर्थसाठी वेगळा कोटा असतो. त्यांचं तिकीट एकट्याचं किंवा दोघांचंच वेगळं काढलंत तर खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते. तत्काळवर सगळ्या कुटुंबाचा बेत कधीच टांगू नका. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता उघडतं आणि मे महिन्यात मिनिटांत संपतं.

खंडवा-इटारसी-भोपाळचा टापू दिवसा पार करावा लागणार असेल तर स्लीपरचा हट्ट सोडा. मे महिन्यात दुपारी खिडकीतून येणारी झळ लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना झेपत नाही. थ्री टियर एसी इकॉनॉमीला थोडे पैसे जास्त लागतात, पण पोचल्यावर पहिला दिवस आजारपणात जात नाही.

उंची बघून ठिकाण निवडा

जाहिरातीतलं "थंड हवेचं ठिकाण" हे शब्द बाजूला ठेवा आणि एकच आकडा शोधा: समुद्रसपाटीपासून उंची. ढोबळमानाने दर १००० मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. जळगाव साधारण २०० मीटरवर आहे. तोरणमाळ ११४३ मीटर, म्हणजे जळगावपेक्षा फार तर सहा अंश कमी. जळगावला ४४ असताना तिथे दुपारी ३८ असू शकतं. पचमढीचंही तसंच, १०६७ मीटर. मनाली २०५० मीटरच्या आसपास आणि शिमला २२०० च्या आसपास, तिथे बारा-तेरा अंशांचा फरक पडतो आणि उत्तरेकडे असल्याने रात्री आणखी गार असतात.

याचा अर्थ तोरणमाळला जाऊ नये असा नाही. तिथल्या दुपारी गार नसतात, पण संध्याकाळ आणि पहाट खरोखर सुखाची असते, आणि गावाकडे रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो. कशासाठी जातोय ते आधी ठरलं की हिरमोड होत नाही.

जवळचा डोंगर: तोरणमाळ

दोन-तीन दिवसच मोकळे असतील तर लांब पळू नका. सातपुडा आपल्या उशाशी आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत रस्ता सातपायरीच्या घाटाने वर चढतो. शहाद्यातून एसटी जाते, पण लहान मुलं आणि सामान असेल तर गाडी बरी. पेट्रोल शहाद्यातच टाकी भरून घ्या, रोख पैसे तिथेच काढा, आणि घाट उजेडात चढा. वर मोबाईलची रेंज धरसोड करते, म्हणून मुक्कामाचं आरक्षण, त्याची छापील प्रत आणि नंबर कागदावर असू द्या. मुक्कामाच्या जागा मोजक्याच आहेत, सुट्टीतल्या शनिवार-रविवारी ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका.

बघायला यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचं मंदिर. सीताखाईचा धबधबा मे महिन्यात कोरडा असतो, त्याचं दृश्य पावसाळ्यातच. उन्हाळ्यात तिथे कड्याच्या खोल दरीसाठी जायचं, आणि पहाटे सहा ते नऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपार झाडाखाली. पोरांना मोबाईलऐवजी मोहाचं झाड, चारोळीचं झाड ओळखायला लावा. भिल्ल आणि पावरा लोकांच्या पाड्यांवरून जाताना विचारल्याशिवाय फोटो काढू नका. ती त्यांची घरं आहेत.

गाडी लागणारी मुलं असतील तर निघण्यापूर्वी पोटभर जेवण नको आणि रिकामं पोटही नको. पोहे किंवा भाकरीचा तुकडा, पुढची सीट, काच थोडी उघडी, नजर रस्त्यावर. मळमळ मोबाईल बघणाऱ्याला आधी होते.

मधला पल्ला: पचमढी

चार-पाच दिवस असतील तर खान्देशासाठी पचमढीसारखं सोयीचं ठिकाण नाही. भुसावळहून जबलपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात. पिपरियापासून पचमढी पन्नासेक किलोमीटर, बस आणि जीप मिळतात. गाडी एकही बदलावी लागत नाही, ही वयस्कर माणसांसाठी मोठी गोष्ट.

आपल्याकडच्या अनेक घरांना नागद्वारच्या श्रावणातल्या यात्रेमुळे पचमढी ओळखीची असते. उन्हाळ्यातली पचमढी वेगळी. धूपगड १३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वोच्च शिखर, तिथला सूर्यास्त चुकवू नये. धूपगड, बी फॉल अशा ठिकाणी वनखात्याची परवानगी घेऊन तिथल्या जिप्सी जीपने जावं लागतं, आपली गाडी सगळीकडे नेता येत नाही. जिप्सी पूर्ण दिवसासाठी ठरवा आणि कोणकोणती ठिकाणं, किती वाजेपर्यंत, हे आधी बोलून घ्या. जटाशंकरच्या गुहेत भर दुपारीही गारवा असतो, म्हणून ती दुपारसाठी राखून ठेवा.

लांबचा डोंगर: हिमाचल

यासाठी जाऊन-येऊन आठवडा तरी हवा. बहुतेक जण दिल्लीला उतरतात, तिथल्या उन्हात एक दिवस घालवतात आणि मग रात्रीची बस धरतात. त्यापेक्षा झेलम एक्स्प्रेससारखी अंबाल्यावरून जाणारी गाडी जळगाव किंवा भुसावळहून धरा आणि अंबाला कॅन्टला उतरा. तिथून चंदीगड आणि कालका दोन्ही जवळ आहेत.

शिमल्याला जाणार असाल तर कालका-शिमला रेल्वेचं तिकीट मुख्य गाडीबरोबरच काढा. १९०३ पासून चालणारी ही छोटी गाडी ९६ किलोमीटरचा डोंगर शंभरावर बोगद्यांतून चढते. पाच तासांवर वेळ लागतो, पण मुलांना पुढे वर्षभर आठवेल असा हा प्रवास आहे. मुख्य गाडी आणि ही गाडी यांच्यात पुरेसं अंतर ठेवा, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना मे महिन्यात उशीर होतोच.

मनाली केलीत तर बर्फासाठी दोन वाटा आहेत. रोहतांग खिंड ३९७८ मीटरवर आहे, तिथे गाडीला ऑनलाइन परवाना लागतो आणि दिवसाला ठरावीकच गाड्या सोडतात. दुसरी वाट अटल बोगद्याची: ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा पलीकडच्या लाहौलमध्ये सिस्सूकडे काढतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी बोगदाच सुचवेन. तो तीन हजार मीटरच्या आसपास आहे, रोहतांगपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, आणि दम लागण्याचा त्रास त्या मानाने कमी.

उंचीच्या त्रासाबद्दल गंभीरपणे बोलायला हवं, कारण आपण सपाटीवरची माणसं आहोत. २५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. त्याचा तब्येत धट्टीकट्टी असण्याशी संबंध नाही, व्यायाम करणाऱ्या तरुणालाही होतं. मनालीला पोचल्यावर पहिला दिवस फक्त आराम, दुसऱ्या दिवशी वर. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. वर कोणाचं डोकं दुखायला लागलं तर "थोडं थांब, बरं वाटेल" म्हणत आणखी वर जाऊ नका. चालताना तोल जाणं, बसल्या जागी दम लागणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर त्या क्षणी खाली उतरा, रात्र असली तरी. खाली उतरणं हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. रक्तदाब, साखर, हृदयाचा आजार असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्यावा. त्रास टाळण्याच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

गरम कपडे मे महिन्यात आपल्या बाजारात मिळत नाहीत. हिवाळ्यात स्वेटरवाले शहरात येतात तेव्हाच मुलांच्या मापापेक्षा एक नंबर मोठे घेऊन ठेवा. बर्फातले कोट आणि बूट मनालीला भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नका.

जहाज: मुंबईहून समुद्रात

मुंबईहून क्रूझ जहाजं गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जातात. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेलं जहाज भारतीय प्रवाशांसाठी चालतं. दोन रात्रींची सफर पहिल्यांदा जाणाऱ्यांना पुरते. सफर मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकेल अशी तारीख घ्या. जूनपासून अरबी समुद्र खवळतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाच बंदी असते, त्यावरून समुद्राचा अंदाज यावा. जहाजं त्या काळात आपले मार्ग बदलतात.

खान्देशवाल्यांसाठी एक छान जुळणी आहे. मुंबई-गोवा एकाच बाजूची सफर घ्यायची, गोव्यात एक-दोन दिवस राहायचं आणि परत येताना मडगावहून गोवा एक्स्प्रेस धरायची. ती पुणे, मनमाड करत थेट भुसावळला येते. परत मुंबई नको, गाडी बदलणं नको.

खोली निवडताना चार प्रकार दिसतील: खिडकी नसलेली आतली, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनीची आणि सूट. आतली सगळ्यात स्वस्त. दिवसभर आपण डेकवरच असतो, म्हणून दोन रात्रींसाठी ती चालते. पण बंद जागेत घाबरणारं कोणी असेल तर खिडकीचीच घ्या. समुद्र लागण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागा, तिथे हेलकावा कमी जाणवतो. एका खोलीत तिसरा-चौथा माणूस असेल तर त्याचं भाडं सहसा कमी पडतं.

जाहिरातीतला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. बुकिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "जीएसटी, बंदर शुल्क, सेवा शुल्क धरून चौघांचे एकूण किती, आणि रद्द केलं तर किती परत?" उत्तर लेखी घ्या. खोली, बुफेतलं जेवण, पोहण्याचा तलाव, नाट्यगृहातले बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. दारू, स्पा, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं. घरात माळकरी माणसं असतील तर बुकिंगच्या वेळीच नोंद करा. जहाजावर कॅसिनो आणि मद्यालय असतं, रात्री गाणी मोठ्याने वाजतात, हेही वडीलधाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते गडबडत नाहीत.

कागदपत्रं: देशातल्या सफरीला सरकारी ओळखपत्र, मुलांचंही. परदेशी बंदराला जाणाऱ्या सफरीला पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत उरलेला. अगदी तान्हं बाळ आणि सहावा महिना लागलेली गरोदर स्त्री यांना सहसा घेत नाहीत, बुकिंगपूर्वीच विचारा. वेब चेक-इन घरूनच करा, सामानाच्या चिठ्ठ्या छापून बॅगांना लावा. घरचे खाण्याचे डबे, इस्त्री, दारू आत नेऊ देत नाहीत.

सफरीच्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईला पोचायचा बेत करू नका. जहाज कोणाची वाट बघत नाही. आदल्या दिवशी जा. कल्याण-डोंबिवलीला नातेवाईक नाहीत असं घर खान्देशात विरळाच. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरच्या भागात आहे, सीएसएमटीहून टॅक्सीने थोडंसं अंतर.

जहाजावर चढल्यावर एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळख, तेच खर्चाचं खातं. आत रोख चालत नाही, म्हणून मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करून घ्या. नंतर सुरक्षेची कवायत होते: सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, म्हणजे आपल्या ठरलेल्या जमावाच्या जागी जायचं. ती जागा खोलीच्या दारामागे लिहिलेली असते. खोलीपासून तिथपर्यंत मुलांना घेऊन एकदा जिन्याने चालत जा, लिफ्टने नाही. जीवरक्षक जाकीट कुठे ठेवलंय ते बघा, लहान मुलाच्या मापाचं आहे ना ते विचारा. लोक ही कवायत फोटो काढण्यात घालवतात, तुम्ही घालवू नका.

किनारा दूर गेला की फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि मोठं बिल येतं.

मळमळीची गोळी जहाज हलायच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. मुलांसाठी मात्रा डॉक्टरांकडून लिहून आणा. त्रास वाटला तर खोलीत पडून राहू नका, डेकवर या आणि दूर क्षितिजाकडे बघा. आलं चघळा, कोरडी बिस्किटं खा.

खर्च झेपत नसेल तर हजिरा-घोघा

समुद्रावरून जायचा आनंद याहून कितीतरी कमी पैशांत मिळतो, आणि तोही आपल्या बाजूने. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारहून तापी लाइनने सुरत. सुरतजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्यापर्यंत रो-रो फेरी जाते, नोव्हेंबर २०२० पासून. रस्त्याने ३७० किलोमीटर पडणारं अंतर पाण्यावरून ९० च्या आसपास होतं, वेळ साधारण चार तास. गाडीसुद्धा बोटीत चढते, म्हणजे धुळे-नंदुरबारवाले स्वतःच्या कारने जाऊ शकतात. हवामान बिघडलं की फेरी रद्द होते, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करा. पलीकडे पालिताणा, पुढे सोमनाथ, गीर. थंडावा मात्र तिथे नाही, सौराष्ट्रही मे महिन्यात तापतो. आणि आपल्या दाराजवळून गेलेली तापी याच हजिऱ्याच्या बाजूला समुद्राला मिळते, हे मुलांना डेकवरून दाखवा.

शिदोरी, औषधं, घर

रेल्वेसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेल्या मिरचीचा ठेचा. ओलं काही नको, ४४ अंशांत भाजी संध्याकाळपर्यंत आंबते. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात गुंडाळा. गरम असताना डबा बंद केला की घाम सुटतो आणि बुरशी धरते. पण चिवडा, लाडू, शंकरपाळे असा फराळ निघायच्या आदल्या रात्री बायकांनी तळत बसू नये, ते दुकानातून आणा.

औषधांच्या डब्यात: रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या आणि अर्ध्या हातातल्या पिशवीत, ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, मळमळीच्या गोळ्या, पट्टी, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो.

घर बंद करताना गॅस, पाण्याची टाकी, फ्रिजमधला नाशवंत माल बघा. केळीची बाग असेल तर ठिबकच्या पाळ्या आणि विजेच्या वेळा सालदाराला कागदावर लिहून द्या, आणि आपण नसताना मोटार जळाली तर कोणाला बोलवायचं त्याचा नंबरही. परतीचं तिकीट असं काढा की घरी पोचल्यावर कामावर किंवा शेतात जाण्यापूर्वी एक पूर्ण दिवस मोकळा मिळेल. थंड डोंगरातून थेट भुसावळच्या उन्हात आलेल्या शरीराला तो दिवस लागतो, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक बाहेरून मागवा.